म्हात्रेकाकांचं झाडावरचं घर

म्हात्रेकाका प्लास्टिक चावून बघतात. आपण आंबा हुंगून घेतो, नारळ कानाशी हलवून घेतो, तसं ते बादली, मग, डबा, काहीही विकत घेण्याआधी त्याची कड दातांत धरतात आणि डोळे मिटतात. रोह्याच्या बाजारातले दुकानदार आता सरावले आहेत. काका येताना दिसले की एक जण तर एक मग फडक्यानं पुसून गल्ल्याशेजारी काढून ठेवतो. तो चावायचा मग. बाकीच्या मालाला दात लागू नयेत म्हणून.

"माल बोलतो," काका म्हणतात. "आपण फक्त ऐकायचं."

नागोठण्याजवळच्या कंपनीत प्लास्टिकचा दाणा तयार होतो, साबुदाण्यासारखा पांढरा. त्या प्लांटवर काकांची अख्खी नोकरी गेली. त्यामुळे जगातलं सगळं प्लास्टिक त्यांना आपल्या घरून सासरी गेलेल्या लेकीसारखं वाटतं. कुठंही भेटलं तरी विचारपूस केल्याशिवाय राहवत नाही. लग्नाला गेले की नवरानवरी बघायच्या आधी ते खुर्ची उलटी करून बघतात. खांब गावच्या एका लग्नात त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन सांगितलं, की ह्या खुर्च्यांत नवा माल कमी आणि वितळवलेला जुना जास्त आहे, तेव्हा वजनदार पाहुण्यांना सतरंजीवर बसवा. बापानं ते मनावर घेतलं नाही. मंगलाष्टकं चालू असताना नवऱ्याचे मामा बरोबर 'सावधान'ला खुर्चीसकट जमिनीवर आले. सगळं वऱ्हाड मामांकडे धावलं. काका खुर्चीकडे धावले, तुटलेला पाय उचलून त्यांनी हुंगला आणि मान हलवली.

मी बँकेत नोकरीला. बदली होऊन रोह्याला आलो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. घरची मंडळी सांगलीला, मी इथं एकटा. पहिल्या दिवशी काकांनी माझा जेवणाचा डबा हातात घेतला, त्याच्यावर एक टिचकी मारली, झाकणावर एक मारली आणि म्हणाले, "ही सख्खी भावंडं नायत." खरंच होतं ते. झाकण प्रवासात हरवलं होतं आणि मी दुसऱ्याच डब्याचं लावून चालवत होतो. त्यानंतर बरेच दिवस आमची ओळख जिन्यातल्या नमस्कारापुरतीच राहिली.

मग ते खेळणं आलं.

काकांचा एकुलता एक मुलगा संदेश जर्मनीत असतो. त्यानं वडिलांच्या वाढदिवसाला एक भलंमोठं खोकं पाठवलं. आत तुकडे जोडून बांधायचं झाडावरचं घर होतं. जाडजूड खोड, तीन फांद्यांवर तीन खोल्या, शिड्या, झोपाळा, खालून बादली वर ओढायची चरखी, आणि पानांचे दोन संच, एक हिरवा, एक पिवळा. आईबाप आणि दोन पोरं अशी बोटाएवढी माणसं. हे सगळं हजारो तुकड्यांत, पुड्या बांधून. त्यात खोक्यावर लिहिलं होतं, की माल अंशतः वनस्पतीपासूनचा आहे, म्हणजे झाडाची पानं उसापासून केलेल्या प्लास्टिकची आहेत.

ते वाचून काका तडक माझ्या दारात आले. हातात एक हिरवं पान, नखापेक्षा थोडं मोठं.

"साहेब, तुम्ही उसातले ना?"

मी सांगितलं, की मी सांगलीचा आहे खरा, पण माझे वडील शिंपी होते आणि ऊस आम्ही रसवंतीतच बघितला. काकांना तो माझा विनय वाटला. त्यांनी पान माझ्या तोंडाजवळ धरलं आणि चावून बघायला सांगितलं. ते स्वतः आधीच चावून आले होते. कडेला दात उमटले होते. त्यांच्या मुलाकडून आलेली भेट, तिला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. मी चावलं. कशाचीच चव लागली नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग आता तपासणी करावी लागंल."

तपासणी त्यांच्या घरात सुरू झाली आणि उसातला माणूस म्हणून मला रोज संध्याकाळी हजर राहावं लागलं. पहिल्यांदा मुंग्यांची परीक्षा झाली. ओट्यावर एका बाजूला गुळाचा खडा, दुसऱ्या बाजूला पान. गुळावर मुंग्यांची जत्रा जमली. पानाकडे एक मुंगी गेली, वर चढली, शिरेपर्यंत जाऊन परत आली. काकू म्हणाल्या की ती वाट चुकली असेल. काकांना ते पटेना. त्यांचं म्हणणं, मुंगी वाट चुकत नसते, तिला संशय आला होता.

मग बादलीत पाणी घेऊन त्यात मूठभर तुकडे सोडले. पानं तरंगली आणि विटा बुडाल्या. काका हरखले. खोक्यावर 'अंशतः' लिहिलं होतं ते बरोबर होतं. पानांचा माल वेगळा, विटांचा वेगळा. शेवटी त्यांनी सुई तापवून पानाच्या देठाला टोचली आणि नाकाशी धरली. मला वाटलं आता काकवीचा वास येणार. पण मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास आला. काका खुर्चीत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"आमचाच दाणा हाय. आम्ही गॅसपासून करायचो, यांनी उसापासून केलाय. माल तोच, फक्त माहेर वेगळं." असं म्हणून त्यांनी ते पान खिशात ठेवलं.

इथं विषय संपला असता. पण खालच्या मजल्यावरच्या हमीदाचाचींची शेळी राहिली होती. चाचींचे दोन्ही मुलगे मस्कतला असतात आणि इथं चाचींच्या सोबतीला बेगम नावाची एक शेळी आणि एक मांजर. काकांच्या डोक्यात आलं की वनस्पती ओळखणारा खरा परीक्षक शेळीच. त्यांनी तळहातावर ते पान धरलं, बेगमनं हुंगलं तर हुंगावं एवढीच त्यांची अपेक्षा होती. बेगमनं पान खाल्लं आणि काकांच्या खिशाकडे बघितलं.

काकांना आनंद झाला तो क्षणभरच. कारण चाचींनी लक्षात आणून दिलं, की ह्याच शेळीनं गेल्या महिन्यात मोबाइलच्या रिचार्जचा फलक खाल्ला होता, तेव्हा तिच्या आवडीवरून काही सिद्ध होत नाही. आणि आता ही दूध थेट पिशवीतच देणार असेल तर गिऱ्हाइकांना काय सांगू, असंही त्यांनी विचारलं. काकांनी तो माल अन्नाला चालणारा असल्याची हमी दिली. पण झाडाचं एक पान कमी झालं होतं आणि ते त्यांच्या जिवाला लागलं. दोन-तीन दिवस ते काठी घेऊन बेगमच्या मागं मागं फिरले. रस्त्यातले लोक विचारायचे, शेळी कधी घेतलीत? काका सांगायचे, शेळी चाचींची आहे, पान माझं आहे. पान काही परत आलं नाही.

तेव्हा एका रविवारी ते मला घेऊन पेणला गेले. गाडीत बसल्यापासून नमुन्याचं दुसरं पान त्यांनी रुमालात गुंडाळून छातीशी धरलं होतं. पेणला गणपतीच्या कारखान्यात त्यांच्या ओळखीचे एक मूर्तिकार होते. आम्ही पोचलो तेव्हा ते शिडीवर उभे राहून एका प्रचंड गणपतीच्या कानावर काम करत होते. काकांनी खालून पान दाखवलं आणि असंच एक हवं म्हणून सांगितलं. मूर्तिकार हसतील असं मला वाटलं. ते शिडी उतरून आले, पान उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "शाडूचं की प्लास्टरचं?"

काका म्हणाले, शाडूचं. झाड पर्यावरणाचं आहे.

मग दोघांनी हिरव्या रंगावर चर्चा केली. ती इतकी लांबली की शेजारच्या कारागिरांनी हात थांबवून त्यात भाग घेतला. कोणी पोपटी म्हणे, कोणी शेवाळी. काकांनी सवयीनं ओल्या शाडूचा एक कण जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. हा माल त्यांच्याशी बोलत नव्हता. पान तयार झालं ते मूळ पानापेक्षा देखणं होतं. मूर्तिकारांनी त्यावर केसाएवढ्या शिरा काढल्या आणि घरचा गणपती त्यांच्याकडूनच घ्यायच्या बोलीवर फुकट दिलं. फक्त ते जड झालं. फांदीला लावलं की फांदी खाली झुकायची. शेवटी ते मागच्या बाजूला, खोडालगत लावायचं ठरलं.

आता प्रत्यक्ष बांधकाम. जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं गेलं आणि काकाकाकू स्वयंपाकघरात पाटावर जेवू लागले. काकांनी कंपनीतलं पिवळं हेल्मेट काढलं, संदेशचं जुनं क्रिकेटचं हेल्मेट मला दिलं. मी कुरकुरलो, तेव्हा त्यांनी मला समजावलं की उंचीवरचं काम आहे. टेबलावरच्या झाडाची उंची हातभर होती. "आणि कामावर साहेब नाय," ते म्हणाले. "कामावर तुम्ही हेल्पर." रोज सुरुवातीला सुरक्षेवर दोन शब्द बोलायचे, मग कशाला हात न लावता दोन पावलं मागं उभं राहून कालच्या कामाची पाहणी करायची, मगच पहिली वीट. चहाची सुट्टी ठरलेली. काकू चहा घेऊन आल्या की काका त्यांना टेबलापासून लांब थांबवायचे, कारण त्यांच्या डोक्याला हेल्मेट नव्हतं.

काकूंनी लांबूनच पहिला दोष काढला. त्या कासू गावच्या. त्यांचं बालपण शेताकडे बघण्यात गेलेलं. वालाच्या शेतात राखणीला बांबूचा माळा बांधायचे, त्यावर त्या भावंडांबरोबर बसायच्या. त्यामुळे उंचावरच्या घरातलं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"तीन खोल्या नि चूल नाय," त्या म्हणाल्या. "ही बाई पोरांना खायला काय घालते?"

काकांनी नकाशा उलटसुलट बघितला. झोपायची खोली होती, पोरांची खोली होती, न्हाणीघरसुद्धा होतं. स्वयंपाकघर नव्हतं. काका म्हणाले, परदेशात बाहेरून मागवत असतील. त्यावर काकू जे गप्प झाल्या ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी काकांनी शिल्लक तुकड्यांतून एक चूल बांधली, बुंध्याशी बसवली आणि ती छोटी बाई चुलीजवळ उभी केली. काकूंनी ते बघून त्या बाईला तिथून उचललं, झोपाळ्यावर बसवलं आणि चुलीपाशी बाप्याला उभं केलं. तो बदल नकाशात नसूनही मंजूर झाला.

अशा दोन खोल्या चढल्या, तिसरीचं छप्पर राहिलं, आणि एका संध्याकाळी मी गेलो तर वरची खोली नाहीशी झाली होती. अर्ध्या फांद्याही सुट्या झालेल्या. टेबलावर वाट्यांमध्ये तुकडे.

काकांनी चौकशी बसवली. पहिला संशय रेल्वेवर. पनवेलची गाडी जाताना भिंती हादरतात. मग पंख्यावर. मग चाचींच्या मांजरावर. चाचींनी वर येऊन आपल्या मांजराच्या खानदानाची ग्वाही दिली आणि रागानं खाली गेल्या. काकूंची साक्ष झाली. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. निकाल पंख्यावर लागला. पंखा दोरीनं बांधून टाकला आणि आम्ही घामाघूम होऊन वरची खोली पुन्हा बांधली.

काही दिवसांनी ती पुन्हा पडली. टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं, टेबलाच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. तरी पडली. छपराजवळ आलो की पडायचीच. माझे संध्याकाळचे दोन तास त्यात जात होते, आणि खोलीवर परत जाऊन करण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून मी फारसा विचार केला नाही.

एका दुपारी बँक लवकर सुटली. काका कसल्याशा कामाला नागोठण्याला गेले होते. त्यांच्या दारावरून जाताना मी सहज आत बघितलं, तर टेबलाशी काकू. डोळ्यांवर चष्मा, पदर खोचलेला. शेंगा सोलाव्या तसे एकेक पान, एकेक वीट काढून त्या वाटीत टाकत होत्या. हिरवे एका वाटीत, तपकिरी दुसरीत.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. बसा म्हणाल्या. हातातलं काम थांबवलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. निवृत्त झाल्यावरही काका पहिल्या शिफ्टला उठत राहिले. बूट घालायचे, डबा मागायचे, कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे. कंपनीची बस यायची. ड्रायव्हर ओळखीचा, तो हात करायचा. बस गेली की काका घरी यायचे आणि डबा घरात बसून खायचे. पाऊस असला तरी जायचे. कधी ड्रायव्हरला राहवायचं नाही, तो त्यांना बसमध्ये घ्यायचा, गेटपर्यंत नेऊन परतीच्या बसमध्ये बसवून द्यायचा.

"हे खेळणं आलं तेव्हापासून कोपऱ्यावर गेले नायत," काकू म्हणाल्या. "हे पुरं झालं तर सकाळी परत बूट घालतील. म्हणून मी काय पुरं होऊ देत नाय. तुम्ही बोलू नका हां."

मी कबूल केलं. त्या संध्याकाळी काकांनी पडझड बघितली आणि रेल्वेला दोष दिला. मीही दिला.

पुढं माझी बदली पेणला झाली. फार लांब नाही, पण रोज संध्याकाळी येण्यासारखंही नाही. ही बातमी सांगितली तेव्हा काका मला कुंडलिका नदीच्या काठापर्यंत फिरायला घेऊन गेले. पुलाच्या कठड्याला टेकून ते म्हणाले, जायच्या आधी घर पुरं करू. मग जरा थांबून म्हणाले,

"रेल्वेनं पडत नव्हतं ते."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"गाडीच्या धक्क्यानं पडलेल्या विटा रंगवार वाटीत पडतात काय? आणि तीस वर्षं मी जोड बघितलेत. ओढून काढलेला जोड नि पडलेला जोड वेगळा असतो. ती काढते."

मग तुम्ही काकूंना बोलला का नाहीत, असं मी विचारलं. काकांनी नदीकडे बघत सांगितलं, की संदेश गेल्यापासून घरात दोघांचंच आधण. काकू दिवसभर बोलायच्या त्या फक्त कुकरशी. मी यायला लागलो तेव्हापासून संध्याकाळ झाली की त्या चहाच्या पातेल्यात पाणी जास्त टाकतात, ते काकांना बाहेरच्या खोलीत आवाजावरून कळतं. आल्याचा तुकडाही मोठा ठेचतात. "मला वाटलं, तिला माणूस यायला हवंय म्हणून ती काढते. मग मी बांधतो. मला काय, मी बांधून दमत नाय."

हे काकूंना सांगायचं नाही, असं त्यांनीही माझ्याकडून कबूल करून घेतलं. आता मी दोघांचं ऐकून घेतलं होतं आणि दोघांनाही शब्द दिला होता.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. सकाळीच काम सुरू केलं. छप्पर बसलं. चरखी बसली, बादली वर गेली. चाची झालं गेलं विसरून बघायला आल्या आणि दारात टेकल्या. एक पान राहिलं. काकांनी ते मला लावायला सांगितलं. मी लावलं. झाड पुरं झालं.

छान झालं, असं चाची म्हणाल्या आणि बेगमला चारा टाकायला खाली गेल्या. आम्ही तिघं उरलो. काका हेल्मेट काढून टेबलाभोवती एक फेरी मारून आले. खोडाला त्यांनी टिचकी मारली. पुन्हा मारली. कान लावला. मग आमच्या दोघांच्या देखत त्यांनी सगळ्यात वरच्या छपराची एक वीट अलगद काढली आणि टेबलावर ठेवली.

"छप्पर कच्चं वाटतंय," ते काकूंना म्हणाले. "हे पेणहून येतील दर रविवारी. गाडी हाय सकाळची."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे. मी खाली बघत होतो, त्यावरून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. त्यांनी पदर खोचला, भिंतीकडची खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसल्या.

"वरून काढा," त्या म्हणाल्या. "मी ह्या बाजूनं घेते."

आम्ही तिघंही एकेक पान काढत बसलो. चहा ठेवायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.